ताडकळसचं वाचनालय ऑनलाइन जातं

३ जून २०२५, मंगळवार
परभणीला एक दिवसाची कार्यशाळा. विषय: ग्रंथालयांसाठी ऑनलाइन साधनं. जेवण बरं होतं. इतकी वर्षं ग्रंथपाल असून मी अंधारात होतो, हे आज कळलं. ताडकळस आता अंधारात राहणार नाही. संकल्प: महिन्याभरात वाचनालय ऑनलाइन.

घाई आहेच. वाचनालय समितीचे अध्यक्ष किशनराव परवाच म्हणाले, पेपर वाचणारे सात-आठ म्हातारे सोडले तर इथं कुत्रं फिरकत नाही. दिवाळीपर्यंत लोक वाढले नाहीत तर ही खोली पुतण्याच्या खतदुकानाला गोदाम म्हणून देणार. पण दिवाळी लांब आहे आणि माझा स्पीड त्यांना माहीत नाही.

५ जून
क्यूआर कोड छापून दारावर चिकटवला. स्कॅन केला की पुस्तकांची यादी उघडते. म्हणजे उघडेल. यादी व्हायची आहे. रोज पेपर वाचायला येणारे बन्सीधरकाका बराच वेळ बघत उभे होते. म्हणाले, कागदाला उधई लागली, भोकं पडलीत, बदला. लोकांत जागृती कमी.

११ जून, सकाळी
यादी पूर्ण! सगळी पुस्तकं ऑनलाइन शीटमध्ये.

दुपारी
शीट देखणी दिसावी म्हणून लेखकांची नावं अकारविल्हे लावली. लेखक सरकले, पुस्तकं जागेवरच राहिली. शेळीपालनाचं पुस्तक आता एका संतांच्या नावावर आहे. हे परत कसं आणायचं ते कार्यशाळेत सांगितलं होतं, पण तेव्हा मी जेवणाच्या रांगेत होतो. हरकत नाही. यादी अजून कुणी बघितलेली नाही.

१६ जून
खरी आयडिया आज सुचली. आपले वाचक मुळात पेपरवाले, मग पेपरच मोबाईलवर द्यावा! व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. सकाळी पेपर टेबलावर पसरून पानापानाचा फोटो. म्हाताऱ्या मंडळींना उभं राहून जाहीर केलं: आता इथं यायची गरज नाही, घरबसल्या नातवाच्या मोबाईलवर वाचा. सितारामकाका नुसतं बरं म्हणाले. चेहरा पडल्यासारखा वाटला. आनंद एकेकाचा असा असतो.

राजेश्री म्हणाली, मग वाचनालयात येईल कोण? बायकोला टेक्नॉलॉजी समजावणं माझ्या कामात येत नाही.

२४ जून
ग्रुपवर शंभराच्या वर लोक! सूचनाही यायला लागल्या. पान चार उलटं आलंय. निधनवार्ता मोठ्या करून टाका. सोयाबीनचा आजचा भाव सांगा. तक्रार येते म्हणजे वापर आहे.

३ जुलै
वाचनालयात कुणीच नाही. 'शांतता राखा' ही पाटी लावल्यापासून आज पहिल्यांदा तिचा मान राहिला. केशरबाई तेवढ्या आल्या. निवृत्त अंगणवाडी सेविका, दर आठवड्याला पुस्तक बदलतात. रिकामी बाकडी बघून दबक्या आवाजात विचारलं, कोण वारलं? त्यांना ग्रुपची माहिती दिली. म्हणाल्या, माझ्याकडं मोबाईल न्हाई. एका माणसासाठी योजना थांबवता येत नाही.

१० जुलै
किशनराव न सांगता आले. मी एकटाच होतो. लगेच ग्रुप दाखवायला मोबाईल काढला. म्हणाले, राहू द्या, मी बी हाय त्यात, रोज अंथरुणातच पेपर वाचायलोय, लय झकास काम केलंत. ऊर भरून आला. पुढं म्हणाले, मंग खोली कशाला अडवायची? पुतण्या उद्याच माल उतरवायलाय.

दिवाळीपर्यंतची मुदत होती. मी आठवण करून दिली नाही. कौतुक झाल्या झाल्या वाद घालणं बरं दिसत नाही.

१२ जुलै
पुस्तकं गोण्यांत भरून घरी आणली. राजेश्रीनं पलंग सरकवून जागा केली. वाचनालय शंभर टक्के डिजिटल झालं, असं आज लिहिणार होतो. लिहवत नाही. फार वाईट वाटतंय. संध्याकाळी केशरबाई घरी आल्या. गोणीत हात घालून हाताला लागलं ते पुस्तक त्यांना दिलं.

२८ जुलै
समितीनं गेल्या सोमवारपासून पेपर बंद केला. वाचनालयच नाही तर पेपर कशाला, म्हणाले. आठवडाभर ग्रुपवर पान टाकलं नाही. एकानंही विचारलं नाही. शुभ सकाळची फुलं येतात.

४ ऑगस्ट
स्टँडसमोरच्या हॉटेलात सितारामकाका, बन्सीधरकाका, सगळी जुनी मंडळी दिसली. एकच पेपर, पानं वाटून घेतलेली, मोठ्यानं वाद चाललेला. मी विचारलं, मोबाईल असताना इथं का? सितारामकाका म्हणाले, नातू मोबाईल सोडत न्हाई, आन् सोडला तरी वाचून बोलायचं कुणासंग? मी म्हटलं, मग वाचनालयात यायचं होतं, खोली तरी वाचली असती. म्हणाले, आमी येतच होतो की. तुमीच म्हणलात, यायची गरज न्हाई.

बाकावर सरकून जागा केली, चहा विचारला. ड्यूटीवर आहे, असं मी सांगितलं. कुठल्या, ते कुणी विचारलं नाही.