मोहिराच्या रोपांना दिलेली धुरी

आदरणीय शोकिरजान दाजींना चुस्तहून धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे मुहिद्दीनचा, कमरेत वाकून सलाम.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? ओयनिसाताईचा रक्तदाब? शेळीची सर्दी? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. फक्त मला तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही, पण ते पुढे येईलच. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर माझा सलाम पुरा व्हायच्या आत तुम्ही ‘मुद्द्याचं बोल’ म्हणून ओरडता, आणि हा मुद्दा सलामाच्या आडूनच बोलावा असा आहे.

तुमची मोहिरा जानेवारीच्या शेवटी ताश्कंदच्या प्रयोगशाळेतून आमच्याकडे आली ती चाळीस झाकणाच्या ताटल्या घेऊनच. ताटल्यांत जिवाणू. मी विचारलं, हे मातीत कालवायचे का? तर नाही. फवारायचे? तेही नाही. झाकणं काढून नुसत्या ठेवायच्या. जिवाणू जो वास सोडतात तो हवेतून रोपांना लागतो आणि रोपं कमी पाण्यातही तग धरतात. त्यावर तुम्ही जे बोललात ते अख्ख्या खानदानाला पाठ आहे, की वासावर पीक येत असतं तर अत्तराच्या दुकानात कापूस उगवला असता. (मीही हसलो होतो. तुम्ही थोरले, तुमच्या विनोदाला हसणं माझं कर्तव्यच.) मार्चमधल्या नवरोझपर्यंत काही करून दाखवलंस तर प्रयोगशाळेत राहा, नाहीतर गुपचूप कोकंदला येऊन शाळेत शिकव, असा शब्द तुम्ही तिच्याकडून घेतलात. पोरीने माझ्या पॉलिहाऊसमध्ये मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला. दोन्हीकडे एकाच बियाण्याची टोमॅटोची रोपं, दोन्हीकडे पाणी निम्मंच, ताटल्या मात्र फक्त उजवीकडे. मला ताकीद एकच, दुसरा कसलाही वास आत आणायचा नाही. (मी पाच आठवडे कांदा खाल्ला नाही. जेवणाला चव म्हणून राहिली नाही.) ताटल्यांचा वास विचाराल तर ओल्या घोंगडीवर आंबट ताक सांडावं तसा.

आणि दाजी, खोटं सांगत असेन तर ही दाढी गळून पडो, पाचव्या आठवड्यात डावीकडच्या रोपांनी माना टाकल्या आणि उजवीकडची ताठ उभी! खोडं करंगळीएवढी! आता असं घबाड घरात असताना माणसाने तोंडाला कुलूप लावून बसायचं? गल्लीत एका घरी सुंतेचा पुलाव होता, तिथे मी हळूच विषय काढला. विषय निघाल्यावर चार जण बघायला येणारच, आणि दारात आलेल्याला परत लावायची आपल्यात रीत नाही. त्या चौघांत एर्गाश होता. त्याची नजर तुम्हाला ठाऊक आहे. मागे त्याने आमच्या वासराला गोंडस म्हटलं, तर वासरू आठवडाभर लंगडलं. हा बाबा रोपांसमोर उभा राहिला, डोळे भरून पाहिलं आणि म्हणाला, “वा! असली रोपं जन्मात पाहिली नाहीत!” बस्स. वर ‘दृष्ट न लागो’ नाही, थू थू नाही, काही नाही!

झालं, आमच्या बायकोचा, सलोमतचा, धीर सुटला. (बायकांचं काळीजच तसलं.) मोहिरा बाजारात गेली होती. सलोमतने इसिरिकच्या पाल्याची वाळकी जुडी तव्यात पेटवली आणि आत जाऊन एकेका रोपाला धुरी दिली. अशी कसून दिली की शेजारी बादल्या घेऊन धावले. पडद्याच्या दोन्ही बाजूंना दिली, कारण डावीकडच्या रोपांना तरी वाईट का वाटावं? आता इसिरिकच्या धुराने दृष्ट तर जातेच, वर जंतूही मरतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. जंतू मरतात, दाजी! आणि ताटल्यांत काय होतं?

मोहिरा आली. तिने दार उघडलं, वास घेतला आणि पालथ्या बादलीवर बसून राहिली. मोजमापाला आठच दिवस उरले होते. रोपं अजून ताठ आहेत, पण ती म्हणते, हे वासाने झालं की धुराने, आता कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पुन्हा पहिल्यापासून करायला हवं, आणि नवरोझ तर दारात येऊन ठेपलाय. मी काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाली, “मामा, चुकलं कुणाचं ते राहू द्या. मी बाबांना शब्द दिलाय.” मला फार वाईट वाटलं, दाजी. त्यापेक्षा तिने माझी चांगली खरडपट्टी काढली असती तर बरं झालं असतं.

बाकी सर्व क्षेम. ताईला सलाम, नातवंडांना पापे, शेळीला मूठभर कोंडा.

तुमचा,
मुहिद्दीन

ता.क. : लिफाफा शोधायला उठलो तेवढ्यात सलोमतने पत्र वाचलं. तेव्हापासून घरात मला चहा बंद आहे. म्हणून खरं काय ते सांगतो. त्या दिवशी सलोमत तिच्या बहिणीकडे होती. तवा माझ्या हातात होता.

आणखी ता.क. : मागणं एवढंच की पोरीला जूनपर्यंत मुदत द्या. तिने शब्द मोडलेला नाही, माती मी खाल्ली. शाळेत कुणाला तरी पाठवायचंच असेल तर मला पाठवा. पण ती रोपं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत, दाजी. धुराच्या आधी पाहिली आहेत.

शेवटचा ता.क. : पत्र टॅक्सीवाल्या नोसिरबरोबर पाठवतोय. तो उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही, त्याला चहा द्या आणि जरा घाई करा. पोरीने काल बॅग भरली. शब्दाची पक्की, अगदी तुमच्यावर गेली आहे. तिचा एक बूट मी पिठाच्या पिंपात लपवला, तर आज सकाळी ती माझे रबरी बूट घालून बघत होती. तिला सैल होतात, पण बसस्टँडपर्यंत पोचतील.