पडद्यावरचे रंग

राहुरी
८ नोव्हेंबर १९९८

चि. योगेश यास,
अ. उ. आ. सप्रेम जय भीम.

तू पुण्याला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. आम्ही सगळे ठीक. तुझा संगणक मात्र आजारी आहे.

जुन्या कार्डावर पडदा लुकलुकतो, रश्मीच्या डोळ्यांना त्रास होतो, म्हणून जायच्या दिवशी तू नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलंस. गाडीची वेळ झाली, तेव्हा खोक्यातली फ्लॉपी घालून ड्रायव्हर तेवढा टाकून घे, असं तिला सांगून पळालास. तिने तू शिकवलंस तसंच केलं. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तो पडदाभर सतरंजीसारखे उभे पट्टे. ना अक्षर, ना चित्र.

त्याआधीचे सुट्टीतले दिवस मी विसरणार नाही. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग वाळत चाललाय असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून पोरीने पुस्तक हातात धरलं नव्हतं. कॉलेज सुटलं. आणि तू संगणकाच्या पडद्यावर तिच्यासमोर भाकरीएवढं अक्षर उभं केलंस! ती मोठ्याने वाचायला लागली की तुझी आई गॅस बारीक करून दारात उभी राहायची. भाजी करपली तरी बोलायची नाही.

आता रश्मीने संगणकावर आईचं जुनं पातळ टाकून ठेवलंय. माझ्या हातून मोडला म्हणते. दादाला सांगा घेऊन जा, कुणा डोळस माणसाच्या उपयोगी पडेल, असं काल म्हणाली. मला पुढे जेवण गेलं नाही.

स्टँडवरच्या बूथवरून फोन केला असता, पण तिथून पडदा दिसत नाही. म्हणून तूच सविस्तर लिही. मी विद्यापीठात बियाणं तपासणारा माणूस, या यंत्राला हात लावायची मला भीती वाटते.

आईचे आशीर्वाद. डबा वेळेवर खातोस का, असं ती विचारते. पत्राची वाट पाहतो.

तुझा,
भीमराज

*

पुणे
१३ नोव्हेंबर १९९८

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

आधी रश्मीला हे वाचून दाखवा: संगणक मोडलेला नाही आणि तिचं काही चुकलेलं नाही. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. संगणक एक भाषा बोलतो, कार्ड दुसरी. मधला दुभाषा चुकीचा भेटला, तर दोघंही शहाणे असून पडद्यावर गोंधळ होतो. आपण त्या दुभाष्याला घरी पाठवू.

संगणक सुरू केल्यावर विंडोजची पहिली ओळ दिसली की एफ-आठ बटण दाबायचं. एक यादी येईल, त्यातून सेफ मोड निवडायचा. पडदा फिकट दिसेल, घाबरू नका. तो नुसता पेजेवर ठेवलेला रोगी आहे. तिथून चुकीचा ड्रायव्हर काढून टाकायचा. कुठून काढायचा ते रश्मीला पाठ आहे. तुम्ही वाचायचं, पण हात तिचेच असू द्या. एवढं माझं ऐका.

दुसरं काम तुमचं. वायर भिंतीतून काढून संगणकाचा डबा उघडा. आधी लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली वीज उतरते. नव्या कार्डावर सर्वांत मोठा काळा चौकोन आहे, त्यावरचा नंबर कळवा. फ्लॉपीवरचाही कळवा. मला एक शंका आहे.

आईला सांगा, डबा खातो. मेसची आमटी तिने पाहिली तर ती पुण्याला राहायलाच येईल.

आपला,
योगेश

*

राहुरी
१९ नोव्हेंबर १९९८

चि. योगेश यास,
अ. उ. आ. सप्रेम जय भीम.

तुझं पत्र रश्मीला वाचून दाखवलं. संध्याकाळी पाहतो तर संगणकावरचं पातळ घडी घालून ठेवलेलं.

मी वाचायला बसलो, पण माझा चष्मा आणि तो फिकट पडदा यांचं जमेना. तेव्हा तुझी आई पुढे झाली. प्रौढ वर्गात एबीसीडी शिकली होती, ती आजवर दुकानांच्या इंग्रजी पाट्यांपलीकडे उपयोगी पडली नव्हती. ती एकेक अक्षर बोट ठेवून सांगायची, एस, ए, एफ, ई, आणि रश्मी ते जोडून शब्द करायची. आईला शब्द कळत नव्हता, पोरीला अक्षर दिसत नव्हतं, आणि दोघींचं मिळून वाचन चाललं होतं. मी मागे उभा राहून बघत राहिलो. एकदा आईने बी सोडून डी सांगितलं, तर रश्मी म्हणाली, असा शब्द इंग्रजांनी अजून केलेला नाही. बऱ्याच दिवसांनी घरात हसू झालं.

पट्टे गेले. चुकीचा ड्रायव्हर रश्मीने स्वतः काढला.

मग मी डबा उघडला. प्रयोगशाळेतलं हातभिंग आणलं होतं. योगेश, मी जन्मभर भिंगाखाली बी पाहिलं. इवल्याशा दाण्यात अख्खं झाड झोपलेलं असतं, याचं नवल मला अजून सरलेलं नाही. पण हे माणसाने केलंय! मुळा धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की खाली कालवे, चाऱ्या, वाफे दिसतात, तसं त्या हिरव्या पट्टीवर सगळं आखलेलं. कुठे पाणी दिसत नाही आणि शेवटी रश्मीच्या डोळ्यांपुढे अक्षर उगवतं. नंबर लिहून घ्यायचं भान राहिलं नाही. आईने हाक मारली तेव्हा लिहिला.

दोन्ही नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. ते जुळत नाहीत.

तुझा,
भीमराज

*

पुणे
२५ नोव्हेंबर १९९८

प्रिय रश्मी,
सप्रेम जय भीम.

बाबांच्या नंबरांनी निकाल लावला. दुकानदाराने खोक्यात दुसऱ्याच कार्डाची फ्लॉपी घातली होती. मीही न बघता निघालो. तू मोडलं म्हणत होतीस ना? आता माफी माग, माझी नाही, स्वतःची.

खरा ड्रायव्हर ऑफिसातल्या मित्राने इंटरनेटवरून उतरवून दिला. कुठल्या कोण परक्या देशातला हा दुभाषा, आमचा चहा होईस्तोवर टेलिफोनच्या तारेतून चालत आला. मी रोज हे काम करतो, तरी बघत बसलो.

तो फ्लॉपीत आहे. त्याच फ्लॉपीत एक फोटोही टाकलाय. सुट्टीत मी आईचा काढला होता, तो ऑफिसात स्कॅन केला. हल्ली तुझ्या पडद्यावर सोळाच रंग आहेत. ड्रायव्हर नीट बसला तर लाखो होतील. ते झाले की नाही, हे त्या फोटोवरून कळेल. आधी उघडू नकोस.

माया आहेच, ती कमी करू नकोस.

तुझा,
दादा

*

राहुरी
२ डिसेंबर १९९८

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

हे पत्र तुझ्याच फ्लॉपीत परत येतंय. बाबांनी लिहिलेलं नाही, मी टाईप केलंय. चुका असतील, त्याही माझ्याच.

ड्रायव्हर बसला. संगणक पुन्हा सुरू होताना मी डोळे मिटून घेतले होते. आईच म्हणाली, उघड गं, लई गोड निळं आलंय.

मग फोटो उघडला. पहिल्यांदा नुसता उजेड दिसला. मोठा केला, आणखी मोठा केला, तेव्हा पडदाभर आईचा गाल आला. मी माऊसने हळूहळू सरकत गेले, एखाद्या गावातून चालावं तशी. हनुवटीवरचा तीळ आला. तो मी विसरूनच गेले होते. कपाळावर आठ्या. आणि केस पांढरे, दादा. कानामागचे सगळे पांढरे. माझ्या मनातली आई मी बारावीत होते तेव्हाची, काळ्याभोर केसांची. रोज तिच्या हातचं जेवते, तिचा आवाज ऐकते, आणि ती म्हातारी होत होती हे मला कुणी सांगितलंच नाही.

मला रडू आवरेना. आई मागेच उभी. काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. तर म्हणते, मी कुठं एवढी म्हातारी हाय, तुझ्या दादाचंच कार्ड बिघडलंय, त्याला पुन्हा पत्र टाक. आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून तीही रडली. बाबा भिंग घेऊन उगाच वायरी तपासत बसले.

त्या रात्री मी जेवले नाही, फोटोच बघत बसले. डोळे थकले की थांबायचे, पुन्हा बघायचे. कुणाचा चेहरा इतका वेळ आणि इतक्या जवळून मी डोळे चांगले होते तेव्हाही पाहिला नव्हता.

कॉलेजच्या मॅडमना भेटून आले. बाहेरून परीक्षेला बसता येईल म्हणाल्या. पुस्तकाची पानं तू तुझ्या ऑफिसात स्कॅन करून पाठवशील, असं मी तुला न विचारता सांगून टाकलंय.

आणि एक फोटो हवा. माझा. सुट्टीत तू माझेही काढले होतेस, मला आवाज आला होता. आरसा आहे घरात, पण त्यात चेहऱ्याच्या जागी धुकं असतं. मी आता चोवीस वर्षांची आहे आणि कशी दिसते ते मला माहीत नाही. कशीही असले तरी जशीच्या तशी पाठव. मी बसून सावकाश बघेन.

तुझी वाट पाहणारी,
रश्मी