शिवांजलीच्या कानाचा पडदा

म्हसवड

ती. शालूअक्कास,

साष्टांग नमस्कार आणि एक गंभीर तक्रार. तू विट्याहून पाठवलेल्या लसणाच्या तेलाच्या बाटलीचं बूच सैल होतं. माझ्या शर्टाला अजून फोडणीचा वास येतो, आणि संस्कृतच्या तासाला मुलं माझ्याकडे भुकेल्या नजरेनं बघतात.

आता विजयवार्ता. तुझ्या भाचीच्या कानांत साठणारं पाणी बाहेर यावं म्हणून दोन्ही पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "कान वाहिला की लगेच या. मनानं काही घालू नका. कान वारंवार पिकला तर पडद्यावर कायमचे डाग राहतात."

तू मात्र दिवाळीत पोरीला मांडीवर आडवं घेऊन म्हणालीस, "आरं, तेलानं कवा कुणाचा कान गेलाय व्हय? लय शिकलास!" मी जन्मात पहिल्यांदा तुझ्या हातातली वाटी काढून घेतली. तू न जेवता निघून गेलीस.

सोमवारी साताऱ्यात तपासलं. उजव्या कानातली नळी आपोआप निघाली, पडदा भरून आला, डाग एकही नाही. जितं मया! परतताना एसटीत शिवांजली म्हणाली, "बाबा, तुम्ही पुटपुटताना श्लोकातली एक ओळ गाळता." मी अख्ख्या गाडीला पेढे वाटले.

हे पत्र मी टाकणार नाही. जिंकलेला धाकटा भाऊ तुला सोसणार नाही. शिवाय आज सकाळपासून तिचा डावा, नळी अजून आत असलेला कान वाहतोय. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेले थेंब घातलेत, उद्या तिला घेऊन जातोय. त्या पडद्यावर डाग पडला तर काय, या विचारानं मला फार भीती वाटते, अक्का.

तुझाच,
जयराज