पालकाची सही

१२ जून
नितेश माडावर थांबला. वर, झावळ्यांच्या खाली, खोडाला मिठी मारून, डोळे मिटून. मी खळ्यात उभी. हाक मारली नाही — दचकला असता तर? बऱ्याच वेळानं उतरला. म्हणाला, "मुंगी चावली." सदतीस वर्षांचा घोडा झाला, थाप अजून धड मारता येत नाही.

चक्कर येते त्याला. मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही.

१३ जून
बाबल्याला बघून आले. तोही नारळ पाडायलाच चढायचा. पडला तो अजून खाटेवर. बायको कुशीवर वळवते तेव्हा वळतो. म्हणाला, "काकी, नितेशला सांग, पावसात चढू नको." मी सांगून पोरगा ऐकतोय होय! आणि नाही चढला तर खायचं काय, ते बाबल्यानं सांगितलं नाही.

२० जून
नवीन खूळ. नितेशला रत्नागिरीला आयटीआयला जायचंय. वायरमन व्हायचंय. गेल्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी सुटला — लेक सातवीत, बाप दहावीत, एका कंपासपेटीवरून भांडायचे. मी म्हटलं, "आता गळ्यात पाण्याची बाटली अडकवून देऊ काय?" तो हसला नाही. सून नम्रता हसली, तोंडाला पदर लावून.

वरवर बोलले तेवढंच. आत म्हटलं, जा रे बाबा. दुकानात बसून लोकांचे पंखे नि मिक्सर दुरुस्त कर. जमिनीवर बस.

४ जुलै
फीवर अडलं. नम्रता काजूच्या कारखान्यात जाते, त्यावर चूल पेटते, कॉलेज नाही चालत. सरकारी सवलतीचं विचारायला नितेश तीनदा जाऊन आला. दर वेळी एक नवा दाखला कमी.

मग त्यालाच सुचलं — आपल्या गावचं मुंबई मंडळ. दर गणपतीत गावातल्या मुलांच्या शिक्षणाला मदत देतात. "आये, नियमात वय कुठं लिहिलंय?" खरंच नाही लिहिलेलं. कुणाला वाटलं असेल म्हणा, बाप्या शाळेत जाईल म्हणून! कॉलेज गणपतीपर्यंत थांबतो म्हणालंय.

अर्जावर पालकाची सही हवी. ईशा म्हणते, "बाबांचे पालक कोण?" मी म्हटलं, पालक म्हणजे भाजी. तर म्हणते, "आजी, जो सांभाळतो तो पालक. म्हणजे तू."

केली सही. गोदूबाई. दूचा उकार पार खाली घसरला.

९ ऑगस्ट
केरू ठेकेदार दारात. गणपतीला नारळ हवेत ना सगळ्यांना. "काय वायरमनसाहेब, कॉलेज लागेपर्यंत तरी चढा." खोडावर शेवाळ धरलंय. नितेश गेला.

माड शेजारच्याच वाडीत होते. मी पडवीत तांदूळ निवडत बसले. नारळ पडला की धप्प. मग दुसरा धप्प होईपर्यंत मी श्वास घेत नाही. मधे एकदा फार वेळ काहीच ऐकू आलं नाही. सूप तसंच टाकून कुंपणापर्यंत धावले. वर बसून विडी ओढत होता मेला.

१० ऑगस्ट
आज परत गेला. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले.

२९ ऑगस्ट
शाळेत मंडळाचा कार्यक्रम. मुंबईकर झाडून सगळे हजर. गुरुप्रसाद मंडळाचा सेक्रेटरी, डोंबिवलीत असतो. त्यानं माईकवर पुकारलं — "कुमारी ईशा. पालक, श्री. नितेश." पोरीच्या हातात वह्या नि दप्तर. पुढचं नाव दुसऱ्याच कुणाचं.

मी पुढं जाऊन विचारलं. तर म्हणतो, "काकी, तुमच्या अर्जात विद्यार्थी आणि पालक उलटे पडले होते. मी सुधारून घेतलं." वर हसला, उपकार केल्यासारखा.

नितेश खाली मान घालून दाराकडे निघाला. दाराबाहेर केरू उभा. चार माणसांत कधी बोलले नाही मी, शिव्या सोडून. पण म्हटलं, "गुरुप्रसाद, उलटं काही नव्हतं. विद्यार्थी हा. पालक मी."

सगळी शाळा हसली. मागून कोणतरी — "गोदूबाई, मग पोराला शाळेत सोडायला जाणार काय?"

"जाईन की. तुझी आय तुला गुत्त्यावरून आणायला जाते, त्यापेक्षा बरं."

मग हसणं तिकडं वळलं. मंडळाची माणसं कोपऱ्यात जाऊन कुजबुजली. गुरुप्रसाद आला. फी देतो म्हणाला. "पण काकी, पोरगा मधेच सोडणार नाही, ही जबाबदारी पालकाची." पुन्हा सही. ह्या खेपेला उकार जागेवर बसला.

येताना ईशाचं नवं दप्तर नितेशनंच खांद्याला लावलं होतं.

३ सप्टेंबर
गौरी-गणपती गेले. नितेशचा कोयता नि दोर माळ्यावर टाकला. आज झोप लागली.

१९ सप्टेंबर
नितेश खुशीत घरी आला. आज वर्गाबाहेर नेऊन काम शिकवलं म्हणे. विजेच्या खांबावर चढायचं. वायरमनला चढावंच लागतं म्हणाला — मला कुणी सांगितलं होतं? बाकी पोरं अर्ध्यावर लटपटली, हा सरसर टोकाला. सर म्हणाले, "असा विद्यार्थी बघितला नाही."

सरांना चक्करीचं ठाऊक नाही. सांगितलं तर काढतील, केरू टपलेलाच आहे. नाही सांगितलं तर —

सही माझी आहे.