भाऊजींच्या पांढऱ्या पेशी

तीर्थस्वरूप भाऊजींस साष्टांग नमस्कार.

तुमच्या पांढऱ्या पेशी मुळात शांत नाहीत, त्यांना औषधाने गप्प बसवलेलं आहे. बातमी आज सकाळची असून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तिला दुजोरा दिला आहे. गुडघा कसा आहे? (का विचारतोय ते कळेलच.) इकडे सगळे मजेत, म्हणजे कालपर्यंत होते.

मागे तुमच्याकडे जेवायला आलो तेव्हा नळीभर रक्त मागून नेलं होतं. आमचं काम थोडक्यात असं: पांढऱ्या पेशीत सूज आणणारं एक एन्झाइम असतं. एक प्रथिन त्याला धरून ठेवतं (नातेवाइकांत वाद रंगला की ताई तुमची बाही धरते, तसं). जंतूंची चाहूल लागली की पकड सुटते आणि मग एन्झाइम उसळतं, असं बाईंचं म्हणणं. इतरांच्या पेशींना जंतूंचे तुकडे दाखवले की लगेच धुमाकूळ. तुमच्या मात्र ढिम्म! दुप्पट तुकडे ओतले तरी दुपारचा पेपर वाचत पडल्यासारख्या. तुमच्यात ही पकड जन्मतःच घट्ट असणार, म्हणून बाई हरखल्या. तुमच्या नळ्यांना सगळे 'महाराज' म्हणू लागले. (मला इथे अजून 'अहो' म्हणतात.) बाईंनी परिषदेचं भाषण तुमच्यावर बेतलं आणि माझ्या नोकरीची मुदतवाढ त्या भाषणावर.

काल ती पकड प्रत्यक्ष मोजली. प्रथिन एकीकडे, एन्झाइम दुसरीकडे, चांगलं मोकळं, आणि तरी काम करेना. बाईंनी विचारलं, "या गृहस्थांना औषध काय चालू आहे?" मी म्हटलं, "काही नाही, मी विचारलं होतं." "कुणासमोर?" "ताईसमोर. ती वाढत होती." बाई विवाहित आहेत. त्यांनी लगेच तुमचं उरलेलं रक्त औषधतपासणीला पाठवलं. सूज उतरवायच्या गोळ्या निघाल्या, त्याही भरपूर.

तेव्हा आता महाराजपद गेलं, पण तुमची गरज वाढली. गोळीविना तुमचं एन्झाइम चारचौघांसारखं उसळलं, तर बाईंचं म्हणणं टिकेल आणि मीही.

तुमचा,
मेहुणा

ता. क. गोळ्या तुम्ही दुकानातून परस्पर आणता, असा माझा अंदाज आहे. डॉक्टरांना विचारून आठवडाभर बंद ठेवा. गुडघा ठणकेल. बॅडमिंटन सोडल्याचं ताईला सांगितलंच आहे, तर आठवडाभर खरंच सोडून पाहा.

आणखी एक ता. क. ताई, पाकीट तूच फोडणार हे धरून हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकलंय. रॅकेट गाडीच्या डिकीत असावी. त्यांच्यावर ओरडू नकोस, पुढच्या शनिवारी सकाळी इकडे घेऊन ये. रक्त बाई स्वतः काढणार आहेत, आणि औषधाचं विचारताना तुला बाहेरच्या बाकावर बसवणार आहेत.