पहाटेच्या दोन डिग्री

२ मे
पहाटे ५ ला २६.५. दुपारी २ ला ४२. मनूला फोनवर कळवलं. गच्चीवरचा थर्मामीटर वाऱ्यानं पडेल अशी भीती वाटली, सुतळीचा आणखी एक वेढा दिला. मग खाली येऊन पुन्हा वर जाऊन पाहिला.
मनूचं काम आज कुठे नीट समजलं, विसरण्याआधी लिहून ठेवतो. नवा रायपुरात तिचं इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष. ती एक डबा करणार, आत मेण. दुपारच्या हवेनं मेण वितळणार, पहाटेच्या गारव्यानं गोठणार. गर्मी आत जाताना आणि बाहेर येताना मधल्या पट्टीतून वीज. काहीच जाळायचं नाही. दुपार आणि पहाट यांच्यात जितका फरक, तितकं चांगलं. होस्टेलच्या गच्चीला कुलूप, म्हणून आकडे आमच्या चौबे कॉलोनीतल्या गच्चीचे. रेल्वेच्या लोको शेडमध्ये जन्म गेला माझा, सातवी शिकलेला माणूस. नातीनं हे काम मला दिलं.

५ मे
ढग. प. २९, दु. ४०. रात्रभर आभाळ झाकलेलं, गारवा आलाच नाही.
मनू: "इतने फरक में तो कुछ नहीं होगा, आजोबा." आवाज एवढासा. लहानपणी ताप आला की असाच व्हायचा. जेवलीस का, विचारायचं राहून गेलं.

६ मे
प. २९.५. कळवलं २७.५.
दुपारचं ऊन सगळं गाव पाहतं. पहाटे कोण पाहतं? दोन डिग्रीनं कोणाचं काय बिघडणार. मनू म्हणाली, "अरे वा!" दिवसभर बरं वाटलं. संध्याकाळी छातीत धडधड. गॅस असेल.

१० मे
प. २९. कळवलं २७. पाचवा दिवस. इथे खरं लिहितो आहे, का ते कळत नाही.
कुसुम: "गच्चीवरून आले का देवापुढे काहून उभे राहून राहिले? आधी तर आंघोळीशिवाय फिरकत नव्हते." बायकोला काय सांगणार. पाय दुखतात म्हटलं. पाय दुखतात म्हणून उभं कोण राहतं, हे माझं मलाच नंतर सुचलं.

१४ मे
मनू डबा घेऊन आली. दुधाच्या कॅनएवढा, बाजूला पट्टी, दोन तारा, एक इवलासा दिवा. फार सुबक केला आहे.
मेण तिनं माझ्या आकड्यांवरून निवडलं. अठ्ठावीसला गोठणारं. "आपके ही भरोसे लिया है, आजोबा." आकड्यांवरून मेण ठरतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, आकडे कागदावर लिहून द्यायचे असतात, बस. कुसुमनं पाटवडीचा रस्सा केला होता, मनूला आवडतो म्हणून. माझी वाटी मी तिच्यापुढे सरकवली.

१५ मे
प. २९.५. मनूनं झाकण काढून बोट लावलं. मेण लोण्यासारखं मऊ. दिवा लागला नाही. "रुको, थोड़ा और देखते हैं." दोघं ऊन येईपर्यंत उभे होतो. उन्हात काय गोठणार.

१६ मे
आजही तेच. मनू दिवसभर वही घेऊन बसली, गणित खोडायची, परत मांडायची. दुपारी म्हणाली, "मुझसे ही कुछ गलत हुआ है. सोमवार को सर देखेंगे, क्या दिखाऊँगी?"
कुसुम भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. आधी हसली. मग म्हणाली, "पोट्टीले सांगा."
"उद्या सांगतो."
"उद्या काहून? ते तिथं सोताले बोल लावून राहिली, अन् तुमी मेथीच्या काड्या मोजा."
सांगितलं. जास्तीचा गारवा मीच घातला, बेटा. ढगाच्या दिवशीचा तुझा तो एवढासा आवाज ऐकवला नाही.
मनूनं डब्याचं झाकण लावलं. "कौन-कौन से दिन?" मला एकही आठवेना. ही वही दिली. म्हटलं, फक्त आकडे पाहा, बाकीचं वाचू नको. आकडे वाचायला एवढा वेळ लागत नाही. वही परत देताना म्हणाली, "आजोबा, वो गैस नहीं था." हसली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं होतं.
सरांना मी येऊन सांगतो म्हटलं. "नहीं. मैं खुद बताऊँगी."

१७ मे
मनू डबा घेऊन गेली. बसला फार वेळ लागला. डबा मी धरतो म्हटलं, तिनं दिला. तेवढा वेळ मांडीवर होता. बस आली तेव्हा घेतला आणि चढली. रात्री निरोप: "पहुँच गई." आणखी काही नाही.

१८ मे
प. २९. दु. ४१.५. तिनं मागितले नाहीत. मीही पाठवले नाहीत. कुसुम म्हणाली, मागायची वाट कशाले पाहता. तरी नाही पाठवले.

१९ मे
आज सर पाहणार. डबा रात्रभर तिच्या खिडकीत असेल. आभाळ मोकळं, एक ढग नाही. पाचला पाच मिनिटं कमी असताना निरोप: "आजोबा, कितना?"
२८.५. चष्मा पुसला. २८.५. कुसुम गुडघे धरत वर आली. "थांबा जरा, उतरन." थांबलो. ती थर्मामीटरला वारा घालायला लागली पदरानं, मी तिचा हात धरला. उतरला नाही. मेणाला अठ्ठावीस पाहिजे. अर्धीच डिग्री.
साडेअठ्ठावीस पाठवलं.
वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. मग: "पक्का?"
मनाला लागलं थोडं. पण विचारलं ते बरं केलं. रोज विचारलं तरी चालेल.
"हव, पक्का," लिहिलं.
आता साडेदहा. उत्तर नाही. सर अकराला येतात. कुसुमनं दोनदा चहा गरम केला. दोन वाजता परत वर जायचं आहे.