साठातले तीन

दि. ९ ऑगस्ट

आदरणीय सर,

नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, असं काकूंकडून कळलं. बरं वाटलं. इकडे सत्र सुरू झालंय. मोठ्या वर्गातला पंखा पुन्हा बंद पडलाय, आणि विभागप्रमुख झाल्यापासून त्याचे अर्जही मीच लिहिते.

तुमच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी संपादकांचं पत्र आलं. विषयही त्यांनीच ठरवलाय: 'सरांनी मला काय शिकवलं'. सर, मी तो लेख लिहिणार नाही. लिहिला तर ते छापणार नाहीत.

तुम्ही काय शिकवलंत ते इथेच सांगते. पहिल्याच तासाला तुम्ही म्हणालात, "सरासरीमुळे इमारत पडत नाही. पडते ती सगळ्यात कच्च्या खांबामुळे. आपलं शास्त्र त्या कच्च्याला शोधायचं." मी भारावून गेले होते. आणि चौथ्या वर्षी, माझ्या प्रबंधासाठी ठिकठिकाणच्या बांधकामांवरून आणलेल्या काँक्रीटच्या साठ क्यूबांपैकी, म्हणजे चाचणीच्या ठोकळ्यांपैकी, तीन निम्म्या भारालाच फुटले, तेव्हा तुम्ही चहा ढवळत म्हणालात, "हे तीन काढून टाक. उगाच सगळं चित्र बिघडवतायत." लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तीन काढले आणि आकडे कसे शहाण्यासारखे रांगेत बसले. आपला पेपर निघाला. मला डॉक्टरेट, तुम्हाला पुरस्कार. पुढे मसुदा समितीनं काँक्रीटच्या ताकदीचा आपलाच आकडा बांधकामाच्या नियमावलीत घेतला, आणि गेली वीस वर्षं लोक त्यावर विसंबून खांबांची जाडी ठरवतायत. गेल्या महिन्यात मी साठच्या साठ क्यूब धरून गणित पुन्हा केलं. आपण छापला त्यापेक्षा खांब कोसळण्याचा धोका दहापट निघाला. काही पडलेलं नाही अजून. पण त्यात आपली कर्तबगारी काडीचीही नाही. बांधणारे घाबरून जास्तीचं लोखंड घालतात म्हणून.

आताच का उकरून काढलं, असं विचाराल. मामा आले होते. आपल्या प्रयोगशाळेतले, क्यूब फोडायचं यंत्र चालवायचे ते. नातीच्या प्रवेशाची चौकशी करायला आले होते. काम झालं तरी उठेनात. मग पिशवी मांडीवर घट्ट धरून म्हणाले, "ताई, एक विचारू? रागावू नका हं. ते तीन क्यूब... माझ्याकडूनच चुकले का हो? मी भार हळूहळूच चढवला होता. मला अजून आठवतंय."

बावीस वर्षं, सर! यंत्राला पुन्हा हात लावू नये म्हणून तुम्ही त्यांना भांडारात बसवलंत, खिळे मोजायला. निवृत्तीच्या दिवशी माझ्यादेखत त्यांची पाठ थोपटलीत आणि म्हणालात, "चुकतं माणसाचं कधीकधी." तेव्हा तुमची जीभ कशी रेटली? आणि तो माणूस मान हलवून हसला होता.

सगळा राग तुमच्यावर काढून मोकळी झाले असते, तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं. पण तुम्ही फक्त 'काढून टाक' म्हणालात. कारण काय लिहायचं, ते सांगितलं नव्हतंत. नोंदवहीत 'चालकाची चूक' हे शब्द मी लिहिले. माझ्या अक्षरात आहेत. मी यंत्राशेजारीच उभी होते, काट्यावर डोळा ठेवून. भार अगदी बरोबर चढत होता. माझी नोकरीची मुलाखत आठवड्यावर आली होती, आणि मामा उलटून बोलणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही त्यांना भांडारात पाठवलंत ते माझ्या त्या दोन शब्दांच्या जोरावर. मला माझीच चीड येते, सर, तुमच्यापेक्षा जास्त.

मामांना मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. ते म्हणाले, "म्हणजे हात बरोबर होता माझा." आणि माझ्या ऑफिसात, माझ्यासमोर, ओक्साबोक्शी रडले.

आमचे संचालक म्हणतात, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. नियमावलीच्या समितीवर आहात, तिथून काढतील, हे पदही जाईल." जाऊ दे. आज सकाळी आपला पेपर छापणाऱ्या मासिकाला आणि समितीला दोघांनाही पत्र गेलंय. तिन्ही क्यूबांचे आकडे त्यात आहेत, आणि चूक चालकाची नव्हती हे पहिल्याच वाक्यात आहे. पेपर मागे घ्यायला ते दोन्ही लेखकांची सही मागतात. माझी झाली आहे. अर्ज सोबत जोडलाय.

मामा स्वतःच तुमच्याकडे यायला निघाले होते. म्हणाले, "सरांना भेटून येतो, त्यांनाही वाईट वाटत असेल." मी त्यांना थांबवलं. म्हटलं, तुम्ही नाही जायचं, सर तुमच्या घरी येतील. एकदा मी त्यांच्याबद्दल खोटं बोलले आहे. आता त्यांच्यापुढे मला खोटं पाडू नका.

तुमच्याच हाताखाली हे सगळं शिकलेली,

तुमची विद्यार्थिनी